मिळण्याआधीची साक्ष

सोमवारी पहाटे ती गोठ्यात पोचली तेव्हा तिच्या स्टुलावर दुसरीच बाई बसलेली होती.

बाई कोवळी होती, विशी-बाविशीची. गुडघ्यांत चरवी धरून ती तांबूच्या सडांशी झटत होती आणि तांबू पान्हा चोरून उभी होती. दोन थेंब पडायचे, बाई उसासा टाकायची, पुन्हा दोन थेंब.

"अगं, चिमटीनं ओढू नकोस. मुठीनं काढ," तिच्या तोंडून निघून गेलं. मग लक्षात आलं की आपण उभ्या आहोत आणि ही बसली आहे.

मुकादम पेंडीच्या पोत्याचं तोंड सोडत होता. त्याचा चेहरा फुलला. "आलीस? मी म्हटलं आता कशाला येतेय. अभिनंदन, बाई! घरात कालपासून तुझंच कौतुक चाललंय. आमची ही म्हणाली, साक्ष ऐकून अंगावर काटा आला."

"पण भाऊ, मी अजून..."

"अवघड वाटून घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात जाणार म्हणजे दुसरीचा हात आतापासून बसायला नको? मालक सांगून बसले होते, चारा नाही, दूध आटलं, एक हात कमी करा. खालचा गोठा तर बंदच केला, ही तिथलीच. कुणाला काढू, कुणाला ठेवू, माझ्या जिवाला घोर. तू सोडवलंस बघ मला." त्याने हात पुसले. "देव बरोबर करतो सगळं."

ती दावणीच्या कडेने बाहेर आली. चार वर्षं रोज पहाटे आठ गाई तिच्या हाताखालून गेल्या होत्या. बोटांच्या पेरांना त्याची सवय होती. आता रिकामी बोटं उगाचच मिटत-उघडत होती. तिने ती काखेत दाबून धरली.

सगळं झालं होतं ते आदल्या दिवशी, रविवारी.

प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याचं छप्पर, सहा बाकं आणि वरच्या जोडात चिमण्यांची घरटी. ती नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, मांडीवर बाळी. बाळी तेरा महिन्यांची, दात येत होते, आईच्या बोटाचं पेर चावत कशीबशी झोपली होती. पाळक पुढे उभे राहून उपदेश करत होते. दाराशी उभं राहून 'देशील का, देशील का' म्हणणारा माणूस निम्मा आधीच परत फिरलेला असतो, ते म्हणाले. ज्याचा भरवसा आहे तो दार उघडण्याआधीच उपकार मानून मोकळा होतो.

हे वाक्य तिच्या पोटात कुठेतरी जाऊन बसलं. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीसांचं वर्षभराचं प्रशिक्षण होतं आणि यंदा पहिल्यांदा बायकांना घेणार होते. तिने अर्ज भरला होता, परीक्षा दिली होती आणि आता सहा आठवडे ती पत्राची वाट बघत होती. गुरांना वैरण टाकताना, बाळीचे कपडे पिळताना, रात्री कूस बदलताना ती एकच विनवणी करायची, देशील का. दोन वर्षांपूर्वी एक गाय विताना अडून मेली. डॉक्टर दुपारी आले, गाय सकाळीच गेली होती. ती तेव्हा नुसती शेपूट धरून उभी होती. तेव्हापासून तिला हे हवं होतं. दया वगैरे होतीच, पण खरं सांगायचं तर तिला ती पिशवीही हवी होती. खांद्याला डॉक्टरांसारखी पिशवी, आणि गोठ्याच्या दारात गर्दी करून उभी असलेली माणसं म्हणतायत, सरका, बाई आल्या.

साक्षीची वेळ झाली, देवाने काय दिलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायची. पाळकांनी विचारलं, कुणाला उपकार मानायचे आहेत? आणि ती उभी होती. आपण कधी उठलो हे तिला कळलं नाही. झोपलेली बाळी खांद्यावर, मानेवर तिची लाळ.

"प्रभूनं मला प्रशिक्षणाला जागा दिली," ती म्हणाली. "उपकार."

एवढंच. सगळं प्रार्थनाघर 'आमेन' म्हणालं, पुढच्या बाकावरच्या शिंप्याने टाळी वाजवली, बायकांनी वळून बघितलं. ती आनंदाने खाली बसली. त्या क्षणी ते खोटं वाटलं नव्हतं. दार उघडण्याआधी उपकार मानले, इतकंच. ऐकणाऱ्यांना दार उघडलं असं वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

घरी सासू अंगण झाडत होती. "एवढ्यात?"

"माझी जागा दुसरीला दिली."

"मग! जाणारीची जागा कोण ठेवील रिकामी?" सासूने झाडू आपटून त्यातली धूळ झटकली. तिच्या आवाजात ताठा होता. काल संध्याकाळी नळावर तिचं पाच जणींना सांगून झालं होतं. "माझी सून डॉक्टरीण होणार म्हटल्यावर एकेकीची घागर हातातच राहिली. पाणी वाहतंय, पण कुणी बघायला तयार नाही."

"आई, डॉक्टरीण नाही. मदतनीस."

"त्यांना काय कळतंय."

नवरा आत वैरणीच्या यंत्राचं पातं कानशीने घासत बसला होता. गोठ्यावर वैरण कापायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक त्या यंत्राने केव्हाच घेतलं होतं. तो कालपासून गप्प होता. तिला वाटलं होतं, आनंदाने गप्प असेल.

"पत्र कुठाय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आलं नाही."

कानस थांबली. "आलं नाही?"

"येईल."

"मी रात्रभर विचार करतोय," तो हळूच म्हणाला, "हिनं पत्र आल्याचं मला का नाही सांगितलं. सगळ्या मंडळीला सांगितलं, मला नाही. म्हटलं, माझं काही चुकलं असेल."

तिला एकदम रडू आलं आणि रागही. "अहो, असं काही नव्हतं. मी विश्वासानं म्हटलं."

"बरं." तो पुन्हा पातं घासायला लागला. दोन हात मारून थांबला. "मग आता आपण सगळ्यांना काय सांगायचं? आलंय का यायचंय?"

दूध भरून छाती ठणकत होती. रोज या वेळी ती गाईंच्या कासेशी असायची, कुडतं पुढून ओलं व्हायचं आणि ती घाईने धारा उरकून घराकडे पळायची. आज पळायला काही नव्हतं. तिने बाळीला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. बाळीने नव्या दाताने कचकन चावा घेतला.

मंगळवारी ती घरात बसू शकली नाही. भांडी दोनदा घासली. दारातला दगड हलवून पुन्हा तिथेच ठेवला. टपालवाला सायकलवरून दिसला की ती दाराशी यायची. तो न थांबता गेला की परत आत. ज्याला त्याला तिच्याशी बोलायचं होतं. किराणावाल्याने शेळीच्या खुराबद्दल विचारलं. शेजारणीने आपली कोंबडीच काखेत धरून आणली. तिने कोंबडीचा डोळा बघितला, पाण्याने धू म्हणाली. शेजारीण अशी मान डोलावत गेली, जसं काही औषधच सांगितलं.

संध्याकाळी प्रार्थनेची छोटी बैठक असायची. तिथे खरी पंचाईत झाली. शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, "प्रभूनं माझ्या मुलाचं लग्न जमवलं. उपकार."

"कुणाशी?" कुणीतरी मागून विचारलं.

"ते यायचंय," शिंपी शांतपणे म्हणाला. "आपल्या बाळीच्या आईसारखं. आधी साक्ष, मग बाकीचं."

म्हणजे पत्र अजून आलेलं नाही हे शिंप्याला टपालवाल्याकडून कळलं होतं. तिचे कान तापले. पण त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याचा चेहरा खरोखरच उजळलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. त्याच्यामागून पाळकीणबाईंनी नव्या छपराबद्दल उपकार मानले, छप्पर वर गळकं तसंच होतं. मग काठीवाले आजोबा उठले. बाकाला धरून, कण्हत, बऱ्याच वेळाने. त्यांचा उजवा गुडघा सात वर्षं सुजलेला होता.

"माझा गुडघा बरा झाला," आजोबा म्हणाले. "उपकार." आणि त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली ती ठेवलीच. घरी जाताना दोन जणांच्या खांद्यांवर हात टाकून गेले. जाता जाता तिला म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळं धीर झाला बघ."

बुधवारी पत्र आलं.

टपालवाल्याने घंटी वाजवली तेव्हा सासू घरात नव्हती. ती लिफाफा घेऊन घरामागे गेली, सरपणाच्या ढिगाआड. फाडताना हात ओला होता, कागदाला बोटांचे डाग पडले. प्रात्यक्षिकात तिला पन्नासपैकी सेहेचाळीस होते. लेखीत पन्नासपैकी अकरा. खाली छापील ओळ होती, निवड झालेली नाही, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

तिने ते तीनदा वाचलं. मग आकाशाकडे बघितलं. आकाशात काहीही नव्हतं, ढगसुद्धा नाही, चार महिन्यांपासून तसंच पांढरं, तापलेलं.

"मी उपकार मानले होते ना," ती दातांतून म्हणाली. "सगळ्यांसमोर मानले होते."

पत्राची घडी घालून तिने कुडत्याच्या आतल्या खिशात ठेवली. रात्री जेवताना नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. सासू उद्याच्या नळाच्या वेळेबद्दल बोलत होती.

गुरुवारी दुपारी नवी धापा टाकत दारात आली. नवी म्हणजे तीच, तिच्या स्टुलावर बसलेली. आणखी कुठलं नाव तोवर कुणी तिला दिलं नव्हतं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट होते.

"पहिलारू कालवड अडलीय. सकाळपासून कळा देतेय. डॉक्टर दुसरीकडं गेलेत, संध्याकाळशिवाय येत नाहीत. मुकादम म्हणाले, तिला बोलाव."

बाळीला सासूच्या मांडीत टाकून ती निघाली. रस्ता पळतच काढला. गोठ्याच्या दारात दहा-बारा माणसं होती. आणि मुकादम मोठ्याने म्हणाला, "सरका, सरका. बाई आल्या."

माणसं सरकली.

कितीदा मनात ऐकलेलं ते, शब्दही तेच. आणि खिशात ते पत्र, चालताना कुरकुरणारं.

कालवड आडवी पडली होती, मान ताणलेली, डोळ्यांचं पांढरं वर. पाणमोट कधीच फुटून गेली होती. मागून एकच खूर दिसत होतं आणि त्यावर टेकलेलं एक निळसर नाक. तिने साबण मागितला, दंडापर्यंत हात धुतला, तेल चोळलं. जमिनीवर पालथी पडली, गाल शेणाला टेकला, आणि हात आत घातला.

आत आग होती. कळ आली की हाड मोडेल असा तिचा हात आवळला जायचा. ती थांबायची. कळ ओसरली की दोन बोटं पुढे. डोकं. मान. एक पाय सरळ. दुसरा? दुसरा गुडघ्यात मुडपून मागे राहिला होता.

"ओढायचं का?" मुकादमाने दोरी पुढे केली.

"कुणी ओढू नका. आत लोटायचंय आधी."

"आत?"

"भाऊ, गप्प बसा ना जरा."

मुकादमाने दोरी मागे घेतली. तिने वासराची छाती तळव्याने मागे रेटली, कळ येईपर्यंत, कळ आल्यावर धरून ठेवली, पुन्हा रेटली. दंड बधिर झाला. तिची छाती जमिनीला दाबली गेल्याने दूध उतरून कुडतं भिजलं, माती चिकटली. बोटं मुडपलेल्या पायावरून खाली सरकली, खूर सापडलं. खुराचं टोक कालवडीला आतून लागू नये म्हणून ते मुठीत झाकून तिने पाय हळूहळू वर वळवला. काहीतरी सुटल्यासारखं झालं.

"आता दोरी. दोन्ही पायांना. कळ आली की ओढा, थांबली की थांबा. हिसका नको."

नवीने दोरी बांधली. गाठ बरोबर बसली. तीन कळांत वासरू बाहेर आलं, चिखलासारखं पडलं, हललं नाही. तिने नाकातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून उलटं केलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. एक क्षण काहीच नाही. मग वासरू शिंकलं.

माणसं हसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुकादमाने स्वतः तिच्या हातावर पाणी घातलं. तो आजपर्यंत कुणाच्या हातावर पाणी घालताना दिसला नव्हता. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "इथून गेल्यावर आम्हाला विसरू नका."

तिने हात पाण्याखाली तसेच धरून ठेवले. बोलली असती तर तिथेच सगळं संपलं असतं, आणि तिला ते अजून थोडा वेळ हवं होतं. पाणी घालणारा हात, सरकलेली माणसं. निदान अंग वाळेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी काठीवाले आजोबा अंगणातल्या पायरीवरून पडले. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. ती बघायला गेली. आजोबा खाटेवर होते, हात फळीला बांधलेला. त्यांची सून कोपऱ्यात चूल फुंकत होती, तिने वळूनही बघितलं नाही.

"काठी दिली तर घेत नव्हते," सून चुलीशीच बोलली. "म्हणे साक्ष दिलीय. आता आंघोळ मी घालते, दोन्ही वेळा."

"माझाच विश्वास कमी पडला," आजोबा म्हणाले. "पायरीवर एक क्षण शंका आली बघ मला. तुला नाही ना आली कधी?"

तिने त्यांच्या कपाळावरचे टाके बघितले. तीन होते. काळा दोरा, टोकं उभी राहिलेली. ती उठली आणि सरळ पाळकांच्या घरी गेली.

पाळक कोबीच्या वाफ्याला बादलीने पाणी घालत होते. तिने पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. बादली खाली ठेवली.

"मंगळवारी एकवीस माणसं होती बैठकीला," ते म्हणाले. "नेहमी सहा असतात."

"हो."

"तू रविवारी हे सांगितलंस तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. साधा माणूस होता. पोटापुरतं पिकवायचा, उरलेल्या वेळात लोकांची दुखणी ऐकायचा. "कुणी म्हणेल, अजून थोडी वाट बघायची. विश्वास सोडायचा नाही. यादीतलं कुणी गळेलसुद्धा."

"तुम्ही म्हणता का तसं?"

पाळकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मातीचा पट्टा उमटला. "मी मंगळवारपासून झोपलो नाही. आमच्या हिनं छपराचे उपकार मानले. आता ती छपरासाठी मागत नाही. म्हणते, मागितलं तर अविश्वास होईल. आणि पावसाळा तोंडावर." त्यांनी पत्र परत दिलं. "ते वाक्य मीच बोललो होतो. तू तर नुसती उभी राहिलीस."

"मग तुम्ही सांगाल का?"

"माझ्या वाटचं मी सांगेन," पाळक म्हणाले. "तुझ्या वाटचं मला सांगता येणार नाही."

शनिवारी तिने नवऱ्याला पत्र दाखवलं. त्याने अंगठ्याखाली ओळ धरून सावकाश वाचलं.

"सेहेचाळीस," तो म्हणाला.

"अकरा वाचा."

"वाचले. आधी सेहेचाळीस वाचले." त्याने पत्र तिच्या हातात दिलं. "आईला मी सांगतो."

सासूला त्याने काय सांगितलं ते तिला कळलं नाही. पण त्या संध्याकाळी सासू नळावर गेली नाही. रिकामी घागर दारात तशीच राहिली. पाण्याची वेळ टळून गेल्यावर सासू नुसतंच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर मी तोंड आवरलं असतं." आणि मग थोड्या वेळाने, "आवरलं नसतं म्हणा."

रविवारी प्रार्थनाघर भरलेलं होतं. उशिरा आलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. मुकादम बायकोसोबत आला होता, कधी नव्हे ते पहिल्या बाकावर. आजोबांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. गाणं झालं. पाळकांनी साक्षीला सुरुवात करण्याआधीच ती उठली, कारण बसून राहिलं असतं तर उठवलं नसतं. बाळी या वेळी जागी होती आणि तिच्या कानातली रिंग ओढत होती.

"मला जागा मिळाली नाही," ती म्हणाली.

पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती.

"मागच्या रविवारी म्हटलं तेव्हाही मिळाली नव्हती. पत्र बुधवारी आलं. लेखीत मला अकरा गुण पडले." कुणीतरी श्वास आत घेतला. "मी उपकार मानले कारण मला मागायची भीती वाटायला लागली होती. सहा आठवडे रोज मागत होते. मागितलं की नाही म्हणण्याची पाळी प्रभूवर येते. उपकार मानले की येत नाही, असं मला वाटलं. म्हणजे मी त्याच्यावर विश्वास टाकला नव्हता, त्याला कोंडीत पकडलं होतं."

मुकादमाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा गुरुवारी पाणी घालणाऱ्याचा राहिला नव्हता. तिने नजर काढली नाही.

"गुरुवारी तुम्ही सगळे बाजूला झालात, तेव्हाही पत्र माझ्या खिशात होतं. भाऊ, मी सांगायला हवं होतं."

मागून एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "देवाच्या नावावर असं करतं का कुणी?" दुसरी म्हणाली, "अकरा!" आणि हसू दाबलं. दाबलेलं हसू तिला सगळ्यात जास्त लागलं. ते तिने गिळलं.

"आणि अजून एक. मला अजून हवंय ते. गेल्या रविवारपेक्षा जास्त हवंय. पाळकसाहेब, वहीत माझा विषय लिहा."

प्रार्थनेच्या विषयांची वही पाळकांच्या पुढ्यात होती. त्यांनी पेन शोधलं. सापडेना. शिंप्याने कानामागची पेन्सिल पुढे केली.

"काय लिहू?"

"पुढच्या वर्षीची जागा."

"पुढच्या वर्षीची जागा," पाळक लिहीत होते.

"आणि लेखीत पस्तीस तरी."

"पस्तीसच का?" भिंतीशी उभ्या कुणीतरी विचारलं.

"तेवढे लागतात."

"चाळीस लिहा," काठीवाले आजोबा खुर्चीतून म्हणाले. "मागायचंच आहे तर." मग ते तिच्याकडे वळले. "आणि माझा गुडघा? माझं काय ते सांग. काठी घ्यायची का नाही?"

"घ्या, आजोबा."

"आणि मागायचं?"

"तेही."

आजोबांनी सुनेकडे बघितलं. सुनेने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण खुर्चीच्या पाठीवरची तिची मूठ जरा सैल झाली. पाळकीणबाई उठल्या आणि न विचारता वहीपाशी जाऊन म्हणाल्या, "छप्पर. लिहा. पावसाळ्याच्या आत." पाळकांनी लिहिलं. लिहिताना त्यांचा हात थांबला. ते मंडळीला म्हणाले की मागच्या रविवारी आपण जे बोललो ते अर्धवट बोललो, घाईने बोललो, आणि त्यासाठी क्षमा असावी. नंतर प्रार्थना झाली, नेहमीपेक्षा लांब. निम्मी माणसं शेवटच्या आमेनआधी निघून गेली.

बाहेर मुकादम तिच्यासाठी थांबला होता. "धारेची जागा आता गेली," तो म्हणाला. "नवीला काढू शकत नाही मी."

"काढू नका. तिची गाठ चांगली बसते."

"शेण काढायला माणूस लागतो." तो दुसरीकडे बघत होता. "सकाळ-संध्याकाळ. बघ."

तिला वाटलं, तोंडभर थुंकी त्याच्या पायाशी टाकावी. मग वाटलं, गुरं तर तीच आहेत. "उद्यापासून येते," ती म्हणाली.

खोरं जड होतं. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. ज्या माणसांनी वाट दिली होती ती आता शेणाची पाटी जाताना नाकाला फडकं लावून वाट द्यायची. मुकादम तिला 'बाई' म्हणायचा बंद झाला. शिंप्याने मात्र कुठून तरी जनावरांच्या शास्त्राचं एक जुनं पुस्तक मिळवून दिलं. मागची पानं वाळवीने खाल्लेली, पुढची शाबूत. सासू संध्याकाळी बाळीला घेऊन दुसऱ्या नळावर जायला लागली. नवरा रोज एक पान कागदावर उतरवून द्यायचा, मोठ्या अक्षरात, कारण शेणाच्या हाताने पुस्तक धरता येत नव्हतं. तो कागद ती गव्हाणीच्या खांबाला खिळ्याने अडकवायची, खोरं मारायची, बघायची, पाठ करायची. कागद नसला की विसरायची. रोज सकाळी उठल्यावर छातीत तेच, आपल्याला हे जमणार नाही. तरी उठायची.

त्या दिवशी वारा होता आणि कागद उडून गेला होता.

"गाईला पोटाचे कप्पे चार," ती खोरं ओढत पुटपुटत होती. "कोटीपोट. त्यात चारा साठतो. जाळीपोट. आणि..." खोरं थांबलं. "कोटीपोट, जाळीपोट..." तिने डोळे मिटले. डोळ्यांसमोर नुसतं नवऱ्याचं मोठं अक्षर, शब्द नाही. "कोटी. जाळी."

नवी तांबूला बिलगून बसली होती, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं, मुठी चालू. तांबू आता तिला पान्हा सोडत होती. चरवीत फेस चढत होता. नवी शाळेत कधी गेली नव्हती.

"पडदेपोट," नवी मान वर न करता म्हणाली.

ती वळली.

"काल दहादा म्हणालीस. पडद्यासारखं असतं म्हणून पडदेपोट." धारेचा आवाज थांबला नाही. "चौथं कुठलं? ते तू फार हळू म्हणतेस, मला ऐकू येत नाही."

चौथं तिला येत होतं. "खरं पोट," ती मोठ्याने म्हणाली.